एका पायावर वीस

मी महाडच्या मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होते. सव्वीस वर्षं शिट्टी फुंकली. शाळेत गणिताच्या बाईंना मान असतो, पी.टी.च्या बाईंना नुसता आवाज असतो. माझा आवाज मैदानावरून थेट एस.टी. स्टँडपर्यंत जातो, असं मुली माझ्या पाठीमागे म्हणायच्या. मला ते कळायचं आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं. हुकूम सोडायची सवय अंगात मुरलेली. त्याच सवयीने मी एका वर्षी माझ्या आईला सात महिने माझ्याकडे ठेवून घेतलं. लोकांना सांगायचे, तिला व्यायाम देतेय, पुन्हा पडू नये म्हणून. ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं.

आईला आम्ही आये म्हणायचो. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. महाबळेश्वरच्या घाटरस्त्याला एका वळणावर एस.टी. थांबते, तिथून पायवाट चढते. मला चढायला पाऊण तास लागायचा, आयेला डोक्यावर ओझं घेऊन अर्धा. वर अकरा घरं, नाचणी-वरीची उतारावरची शेतं, आणि माणसांपेक्षा गुरं जास्त. वडील लवकर गेले. आये एकटीच राहायची, चार गुरं सांभाळून. शेजारी चुलतभाऊ आणि त्याची बायको होती.

वाडीत शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकवायचं म्हणून आयेने मला दहाव्या वर्षी खाली पोलादपूरला वसतिगृहात ठेवलं. वाडीतली पहिली मुलगी मी, चौथीच्या पुढे गेलेली. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. त्यानंतर मी शिकतच गेले, मग नोकरी लागली, महाडला ब्लॉक घेतला. लग्नाचं जमलं नाही आणि एका वयानंतर मीच तो विषय बंद केला. सांगायचं ते हे, की दहाव्या वर्षानंतर आयेच्या आणि माझ्या वाट्याला एकत्र दिवस असे आलेच नाहीत. सुट्टीत वर जायचे तेव्हा ती रानात असायची. ती बाजाराला खाली यायची तेव्हा मी शाळेत असायचे. भेटलो की ती मला आधी वरून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "बारीक झालीस." मी आयुष्यात कधी बारीक नव्हते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दसरा होऊन गवतकापणी सुरू झाली होती. आये अंगणात गवताच्या पेंढ्या रचत होती, पाय सरकला, आणि ती हातावर पडली. वाडीत कुणी नव्हतं, सगळे माळावर गवत कापायला गेलेले. दुपारपासून ती तिथेच पडून होती. संध्याकाळी गुरं घरी आली, त्यांच्या मागे चुलतभाऊ आला, तेव्हा तिला उचललं. आदल्या पावसाळ्यातही ती एकदा पडली होती, पण ते तिने मला सांगितलंच नव्हतं. ह्या खेपेला मनगट मोडलं होतं आणि कंबरेला असा मार बसला होता की पाऊल टाकता येईना. मग आमच्याकडे आजारी माणसाला नेतात तसं नेलं. बांबूला घोंगडी बांधून डोली केली, चार माणसांनी उचलून डांबरी रस्त्यापर्यंत आणली.

मनगटाचं दुखणं तिने सोसलं, पण डोलीची लाज तिला सोसवेना. "आपल्या पायानं चढलेली बाई मी, मढ्यासारखी उतरवली मला," हे ती मला पहिल्या आठवड्यात दहादा म्हणाली असेल. आणि लगेच पुढचं, "आता वर जाईन ती माझ्या पायानं. डोलीत घालून नेशील तर मला नगं ते घर." एवढंच तिला हवं होतं. घरी जायचं, आणि चालत जायचं.

महाडच्या ज्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं ते स्पष्ट बोलणारे होते. पुढच्या तपासणीला ते म्हणाले, "हाड जुळेल. पण आता ही भिंत धरून चालतेय बघा. पडायच्या भीतीने बायका चालणं सोडतात, चालणं सोडलं की पाय जातात, आणि मग खरोखर पडतात. पुढच्या वेळी खुबा मोडेल आणि मग उठणं कठीण. हिच्या पायांत जोर आणा, तोल आणा."

"तो कसा आणायचा?" मी विचारलं.

"बाई, तुम्ही पी.टी. शिकवता ना? मग मला काय विचारता?"

त्यांनी मला एक इंग्रजी कागद दिला. त्यावर चित्रं होती. परदेशातल्या म्हाताऱ्या, पायात बूट, खुर्चीची पाठ धरून एक पाय उचललेला. घरी आल्यावर आयेने तो कागद बराच वेळ पाहिला. "ह्याबी पडतात व्हय?" ती म्हणाली, आणि पडल्यापासून पहिल्यांदा हसली.

प्लास्टर निघालं तसे आम्ही सुरू झालो. रोज सकाळी शाळेच्या आधी अर्धा तास, संध्याकाळी परत अर्धा तास. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलायच्या. बाजूला पावलं टाकत हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. फरश्यांच्या मधल्या रेघेवरून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ चालायचं. आणि शेवटी एका पायावर उभं राहायचं. पहिल्या दिवशी तिने ओट्याचा हात सोडला आणि मी तीन म्हणेपर्यंत पाय टेकला. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. "डोंगर चढलेत हे पाय," ती म्हणाली, जणू पायांचीच समजूत काढत होती.

रेघेवरून चालणं तर अजिबात जमेना. मी शाळेत मुलींना बाकावरून चालवते तसं तिलाही सांगितलं, हात दोन्ही बाजूंना पसरा, समोर बघा. आये हात पसरायची आणि दोन पावलांत भेलकांडून भिंत धरायची. मी ओरडायचे. हो, आईवर ओरडायचे, मैदानावरच्या आवाजात. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू, बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या विधवा पत्नी, दारातून डोकावून म्हणाल्या, "अगं, त्या काय सातवी ब मध्ये आहेत का?" काकूंनाही बाथरूममध्ये पडायची धास्ती होती. त्या आत आल्या, पदर खोचला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याही रांगेत उभ्या. माझा वर्ग दोन मुलींचा झाला.

तीन आठवडे असे फुकट गेले. मग एके दिवशी आये रेघेच्या मध्येच थांबली आणि वैतागून म्हणाली, "डोक्यावर कायच नाय तर चालू कशी?"

मी आधी हसले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या बाईने सहाव्या-सातव्या वर्षापासून डोक्यावर हंडा घेतला होता. झऱ्यावरून घरापर्यंतच्या वाटेला एक हात हंड्याला आणि दुसरा लुगड्याच्या निऱ्यांना, नजर दहा पावलं पुढे. गवताचा भारा, शेणाची पाटी, लाकडाची मोळी, रिकाम्या डोक्याने ती चढली-उतरलीच नव्हती. हात पसरून चालणं तिला ठाऊकच नव्हतं, आणि मी, डोंगरातलीच पोर, शिट्टी गळ्यात अडकवून तिला ते शिकवत बसले होते. त्यात भर म्हणजे दोन वर्षांपूर्वी वाडीत नळ आला होता. त्यासाठी पंचायतीला अर्ज मीच लिहून दिला होता, आयेचे कष्ट वाचावेत म्हणून. पाणी दारात आलं आणि हंडा फडताळावर गेला. तिचे पाय त्यामुळे गेले असं मी म्हणणार नाही, डॉक्टर म्हणाले वय असतं. पण तो अर्ज मला त्या दिवशी आठवला.

मी जुन्या साडीचा एक पट्टा फाडला. आयेने तो वळून वळून चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वर स्टीलची रिकामी कळशी. आणि बाई चालली. हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रेघेवरून, मान ताठ, कंबर सैल. वळली आणि परत आली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी शिट्टी तोंडात धरून नुसती उभी राहिले. काकू टाळ्या वाजवायला लागल्या. पुढच्या आठवड्यात कळशीत पाणी अर्धं झालं. काकूंनीही हट्टाने डोक्यावर घेतलं, पण पितळेचा लोटा, तोही रिकामा, आणि तो पहिल्याच दिवशी खाली पडून खालच्या मजल्यावरचे लोक वर विचारायला आले.

मकर संक्रांतीपर्यंत आयेने भिंत धरणं सोडलं. रविवारी आम्ही जवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडांवर जायचो, तिची कंबर शेकायला. तिथले दगड ओले असायचे. ती गुडघाभर पाण्यात उतरायची आणि उतरताना माझा हात धरायची. लहानपणी तिने माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. तिच्या दोन्ही हातांत सतत काहीतरी असायचं. आता तिचा खरखरीत, थोडासा वाकडा जुळलेला हात माझ्या हातात असायचा आणि मी मुद्दाम तिला सगळ्यात ओल्या दगडांवरून न्यायचे. परत येताना ती एस.टी.त माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. शाळेतून घरी आल्यावर दार आतून उघडलं जायचं. चहा ठेवलेला असायचा, साखर जास्त. "बारीक झालीस," हे ती आता रोज म्हणायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला आई मिळाली होती आणि मी ती परत द्यायला तयार नव्हते. हे तेव्हा मी स्वतःशीही बोलले नाही, आज सरळ सांगते.

मी तिला सुरुवातीलाच एक कबूल केलं होतं. "एका पायावर, काही न धरता, वीस आकडे उभी राहिलीस की मी तुला वर सोडते. मग तू आणि तुझी गुरं." वीस हा आकडा मी का निवडला कोण जाणे. डॉक्टरांच्या कागदावर दहा होतं. आये शाळेत गेली नव्हती, पण वीस तिला पक्कं येत होतं. आमच्याकडची जुनी माणसं सगळं विसांतच मोजतात, गवताच्या पेंढ्या, अंडी, लग्नातल्या पंगती. आये वीसला ईस म्हणायची. एक ईस पेंढ्या रचल्या की एक खडा बाजूला. जन्मभर तिने तेच केलं होतं. फसवायचंच होतं तर मी दुसरा कुठला तरी आकडा घ्यायला हवा होता.

कारण मी फसवत होते. मोजायचं काम माझं होतं. मी तिच्या मागे उभी राहायचे, पडली तर धरायला, आणि मोठ्याने मोजायचे. बारापर्यंत नीट मोजायचे. मग तेराला जरा थांबायचे. चौदाला आणखी. सोळा आणि सतराच्या मध्ये तर चहाला उकळी आली असती. आये सोळा-सतराला पाय टेकायची. "नाय जमलं," ती म्हणायची. "उद्या जमेल," मी म्हणायचे, आणि माझ्या छातीतला गोळा खाली उतरायचा. काकू एकदा म्हणाल्या, "तुझं सतरा आज फार लांबलं गं." मी त्यांना फाडकन म्हटलं, "काकू, तुम्ही तुमचा लोटा सांभाळा." त्या लोटा उचलून निघून गेल्या. दोन दिवस आल्याही नाहीत.

शिमगा जवळ आला. शिमग्याला आमच्याकडे देवाची पालखी घरोघर येते. दार उघडं लागतं, अंगण सारवलेलं लागतं, आणि घरच्या बाईने देवाची ओटी भरायची असते. लग्न होऊन आल्यापासून आयेची ती ओटी कधी चुकली नव्हती, वडील गेले त्या वर्षीसुद्धा नाही. ती आठ दिवस आधी मला म्हणाली, "शिमग्याला मला वर जायचं हाय. पालखी येईल, दार बंद कसं ठेवू?"

"वीस कर," मी म्हटलं.

ती उठली. हॉलच्या मध्ये जाऊन उभी राहिली, पाय उचलला. मी मोजायला लागले. त्या दिवशी मी जितकं हळू मोजलं तितकं आधी कधी मोजलं नव्हतं. तिचा घोटा थरथरत नव्हता, तरी मला ते दिसलं नाही, की मी बघितलं नाही. अठराला तिने पाय टेकला.

"नाय जमलं," आये म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली.

शिमग्याच्या दिवशी मी तिला पुरणपोळी करून घातली. तिने अर्धी खाल्ली. दिवसभर गॅलरीत बसून होती. आमच्या गॅलरीतून डोंगर दिसतात, पण आमचा नाही. आमचा त्यांच्या मागे आहे. वर पालखी आमच्या बंद दारापाशी थांबली की तशीच पुढे गेली, हे मी चुलतभावाला कधी विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही.

त्यानंतर तिने वर जायचं नाव काढलं नाही. व्यायाम मात्र चुकवला नाही. उलट मीच कधी कंटाळा केला तर म्हणायची, "चल गो बाय, हुबी ऱ्हा माज्या मागं." मला वाटलं, रमली. परीक्षा संपल्या, सुट्टी लागली. मनातल्या मनात माझा हिशोब असा, की आता पाऊस सुरू झाला की पायवाट निसरडी होणार, मग दसऱ्यापर्यंत तिला वर न्यायची कुणाची शामत नाही. म्हणजे आणखी चार महिने. नंतरचं नंतर बघू.

वैशाखातल्या एका सकाळी आम्ही तिघी हॉलमध्ये उभ्या होतो. मी आयेच्या मागे जाऊन शिट्टी तोंडाला लावली. ती म्हणाली, "आज तू नगो मोजू. मी मोजतें."

तिने डावा पाय उचलला आणि पेंढ्या मोजायच्या त्या सुरात सुरू केलं. एक, दोन, तीन. तिच्या आवाजाला एक चाल होती, जरासुद्धा मागेपुढे न होणारी. मी समोर येऊन उभी राहिले. ईस आलं. ती थांबली नाही. "ईसावर येक," ती म्हणाली आणि पुढे मोजत राहिली. चेहऱ्यावर काही नाही, श्वास लागलेला नाही. दुसरं ईस पुरं करून तिने पाय असा ठेवला, जसा आपण दाराबाहेर ठेवतो. मग उजवा उचलला. तोही तसाच. काकूंनी डोक्यावरचा लोटा उतरवला आणि आपल्या घरी गेल्या.

"तुजं ईस लय लांब हाय गो," आये म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसले. "कधी कळलं तुला?"

"पैल्या दिवसापासनं. जन्मभर मी काय मोजलं?"

"मग शिमग्याला?"

"शिमग्याला मी हुबी ऱ्हायले असते. तुज्या ईसानंबी ऱ्हायले असते."

"मग पाय का टेकलास आये?"

ती माझ्यासमोर खाली बसली, सहज, हात न टेकता. कळशीजवळची चुंबळ घेऊन, ती सोडून परत वळायला लागली. "तुला खाली धाडली तवा तू धा वर्साची व्हतीस. यष्टीत बसवली. खिडकीतनं आये आये करून वरडत व्हतीस. मी मागं बघितलं नाय. बघितलं असतं तर उतरवून परत नेली असती, मग काय शिकली असतीस?" तिने चुंबळ मांडीवर ठेवली. "तवा मी थांबले नाय तुज्यासाठी. आता तू मला ठेवायला मोजत व्हतीस. म्हटलं मोजू दे. एक शिमगा गेला तर देव काय मला गावाभाईर काढत नाय."

मी आयुष्यात पहिल्यांदा आयेसमोर रडले, तेही हुंदके देऊन, शिट्टी गळ्यात तशीच. तिने मला जवळ घेतलं नाही, तशी सवय तिला नव्हती. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "पावसाच्या आत गोठा शाकारायचा हाय. आता सोड मला."

आठवड्याभराने मी तिला घेऊन निघाले. पोलादपूरला गाडी बदलून घाटाच्या वळणावर उतरलो, तर चुलतभाऊ तीन गड्यांना घेऊन उभा. सोबत बांबू आणि घोंगडी, न जाणो लागली तर. आयेने डोलीकडे बघितलं. "ह्याच्यात गवत आणा," ती म्हणाली. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, वर आपलं कपड्यांचं गाठोडं घेतलं आणि चालायला लागली. मी मागे. चार बाप्ये रिकामी डोली खांद्यावर घेऊन आमच्या मागे, त्यांना हसावं की नाही कळत नव्हतं.

ती भरभर चढली नाही. अर्ध्या तासाची वाट तिला सव्वा तास लागली. दोनदा ती थांबली, उभ्यानेच. पण कुठे हात टेकला नाही, झाडाला नाही आणि मलाही नाही. पाऊल ठेवायच्या आधी दगड पायाने जोखायची, मग भार टाकायची. मी तिच्या टाचांकडे बघत चढत होते. मैदानावरच्या सगळ्या वर्षांत माझ्या कुणा मुलीने शर्यत जिंकली तेव्हा जे वाटलं नाही ते मला त्या भेगाळलेल्या टाचांकडे बघून वाटत होतं, आणि त्याच वेळी प्रत्येक पावलाला ती माझ्यापासून लांब चालली होती. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

वर सगळी वाडी अंगणात जमली होती. तिने गाठोडं ओट्यावर टाकलं आणि आधी गोठ्यात गेली. गाईने हुंगलं, मग तिचा हात चाटायला लागली. "आटली व्हय गो," आये तिला विचारत होती. चुलतभावजयीने मला पाणी दिलं, भाकरी वाढली. मी जेवले. मला सुट्टी होती, दुसऱ्या दिवशीचं काही काम नव्हतं. ऱ्हा आजचा दिस, एवढं आये म्हणाली असती तर मी राहिले असते. पण ती गोठ्याच्या छपराकडे बघत होती, कुठला वासा सडलाय, किती गवत लागेल. मी दारात जाऊन उभी राहिले. तिने मला वरून खालपर्यंत बघितलं.

"जा आता," ती म्हणाली. "यष्टी चुकंल."

त्यानंतर आये आठ वर्षं वर राहिली. नळ होता तरी रोज एक कळशी झऱ्यावरून डोक्यावर आणायची, तसं वचन मी तिच्याकडून घेतलं होतं. एकदाही पडली नाही. शेवटी तापाने गेली, चार दिवसांत, आपल्या घरात. मी पोचले तेव्हा तिला नेऊन झालं होतं. पुढे माझी मैदानावरची वर्षं संपली, काकूही गेल्या. लोक मला म्हणतात, तुम्ही आईला पायांवर उभं केलंत, केवढं समाधान. मी हो म्हणते. पण त्या सात महिन्यांसाठी जीव अजून तुटतो, आणि आठवण येते ती त्या दिवशी उतरतानाची.

दुपारचं ऊन होतं. मी एकटीच वाट उतरत होते, डोळे भरलेले, धड दिसत नव्हतं. अर्ध्या वाटेवर एका सुट्या दगडावरून माझा पाय गेला आणि मी जोरात आपटले. पी.टी.ची बाई, आईला न पडायला शिकवणारी. उजवा पाय अंगाखाली आला होता, घोट्यातून कळ मस्तकात गेली. वर बघितलं, वाडी दिसत नव्हती. खाली रस्ता दिसत नव्हता. आणि माझ्या मनात जे पहिलं आलं ते हे, की मोडला असू दे. मोडला असेल तर आयेला खाली यावं लागेल. माझ्याजवळ राहावं लागेल, दीड महिना तरी.

मी दोन्ही हातांनी घोटा दाबून बघितला, हाडावर, हाडाच्या खाली, जिथे जास्त दुखेल तिथे. बोटं हलवली, हलली. हळूच उठले आणि त्या पायावर सगळा भार टाकला. पाय धड होता. मी तिथेच उभी राहून रडले, आणि खालून घाटात एस.टी.चा हॉर्न ऐकू आला तशी उतरायला लागले.